पहिलं पाणी

इगर्जीच्या दाराला कागद लावला होता,
सेवेसाठी नावं द्या.
गायनमंडळ भरलेलं.
वाचन मला जमलं असतं,
पण चष्मा मालवणात, दुरुस्तीला.
तळाशी एक ओळ कुणी घेतली नव्हती:
वेदीवरची कापडं धुणे.
तिथं लिहिलं, इनासीन.
आडनावापर्यंत पेन चाललं नाही.

पास्कूमामाने शिकवलं.
हा सुती चौकोन, मिस्सेत याच्यावर भाकर ठेवतात,
कण चिकटला असेल तर तो नुसता कण नव्हे.
पहिलं पाणी मोरीत सोडायचं नाही.
"मातीक दी," तो म्हणाला,
"खंयच्याय झाडाच्या मुळात. साबू दुसऱ्या पाण्याक."

देवबागेत माती ती केवढी,
एका अंगाला कर्ली, दुसऱ्या अंगाला दर्या,
मधल्या वाळूवर घरं, माड, पर्यटकांच्या खोल्या.
मागीलदारचा वाकडा माड मी निवडला.
दर शनिवारी बांगडे खपवून यायचं,
वास जाईपर्यंत हाताला लिंबू चोळायचं,
चपला काढायच्या, आणि तांब्या तिरका करायचा
न बोलता.
बाकी दिवस मी होते तीच होते,
वजनात अर्धा बांगडा मारणारी,
जावेशी कुंपणावरून भांडणारी.

मग द्वारका तांडेल पडली,
विहिरीच्या काठावरच. डावं अंग गेलं.
मुलगा रत्नागिरीला ट्रॉलरवर.
सून त्याच्याही आधी गेलेली, कुठे, ते कुणी विचारत नाही.
विहीर आमची सामाईक, रहाट तिच्या बाजूला.
चार दिवस बायका पेज घेऊन आल्या,
पाचव्या दिवसापासून वास यायला लागला.
मीही उंबऱ्याबाहेरूनच हाक दिली, बरी मां गो?
बरी, ती म्हणाली.
दोघींनाही ठाऊक होतं.

त्या शनिवारी मी तांब्या घेऊन माडाशी उभी,
आणि खाडीवरच्या वाऱ्याने तिची खोली माझ्यापर्यंत आणली.
मला काही दिसलं नाही, आवाज आला नाही.
आठवलं एवढंच की गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी
फादर बारा जणांचे पाय धुतात,
आणि ते बाराही जण
घरून साबण लावून, नखं कापून येतात.
माझा नवरा तर अत्तर लावून गेला होता.

पाणी ओतलं. चपला तिथंच राहिल्या.
तिची चादर ओढताना तिने उजव्या हाताने धरून ठेवली,
जेवढी ताकद होती तेवढ्याने.
"तुझी इगर्जीची कापडां रवली मां?"
"भिजतत," मी म्हटलं.
मग तिने सोडली.

पाठ पुसायला ती हलकी होती, फार हलकी.
चादरीचं पहिलं पाणी घेऊन मी मोरीकडे निघाले होते,
पाय मात्र माडाकडे गेले.
चुकलं की काय, ते पास्कूमामाला विचारलेलं नाही.
माडाने काही तक्रार केली नाही, खतच ते.

दोरीवर सगळं एकत्र वाळलं.
संध्याकाळी मामा घाईत आला, घड्या उचलून गेला,
आणि रविवारी वेदीपाशी फादरांनी एक घडी उलगडली,
तो निघाला द्वारकाच्या उशीचा अभ्रा,
कोपऱ्यात लाल दोऱ्याने काढलेलं मोराचं तोंड.
फादर क्षणभर थांबले.
पुन्हा घडी घातली, बाजूला ठेवली, दुसरी उचलली.
तिसऱ्या बाकावर मला हसू येत होतं,
मग गळ्यात अडकलं.

सोमवारी बंदरावर
काट्यावरून उचललेला अर्धा बांगडा
मी परत पारड्यात टाकला.
रोज टाकते असं नाही.
त्या सोमवारी टाकला.