सातपूरचं पाळणाघर, मे महिना

टबात पाणी गुडघ्याएवढं,
त्यात सात जण आणि एक प्लास्टिकचं बदक.
शकूमावशी काकड्या चिरते,
कडू निघाली की गुपचूप स्वतःच खाते.

नाचणीच्या पेजेला नाकं मुरडतात सगळी;
टरबुजाला मात्र हात कोपरापर्यंत लाल.
बिया कुंडीत पेरल्यात,
रोज उकरून बघतात, उगवलं का.

ओजस काकडीची एक फोड खात नाही.
खिशात ठेवतो. रागावलं तरी ठेवतो.

सहाला त्र्यंबक रोडवरून कंपनीची बस वळते.
आई दारात, ओढणीने मान पुसत.
तो खिसा उलटा करतो:
मऊ पडलेली फोड, थोडी माती,
एक काळी बी.

ती फोडीवर फुंकर मारते
आणि तिथेच, चपला न काढता, खाते.

"बी नको खाऊस," तो म्हणतो,
"ती झोपलीये."