सभासद क्रमांक ११४

आनुबाई केरबा चौगले.
दूध संस्थेच्या वहीवर एवढंच,
त्यातलाही 'नु' कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ,
सचिवाच्या मर्जीप्रमाणं.

जन्मतारीख कुठंच नाही.
विचारलं की म्हणायची,
"गवताची गंजी जळाली बघ, त्या साली."
कुणाची गंजी, कुठलं साल,
विचारेपर्यंत ती गोठ्यात.

पत्र्याच्या ट्रंकेत एकोणतीस वह्या निघाल्या,
सुतळीनं बांधलेल्या,
कोपऱ्यांवर शेणाची बोटं वाळलेली.
सकाळ. संध्याकाळ. लिटर. फॅट. रक्कम.
तिला अक्षर येत नव्हतं,
फॅटचा आकडा मात्र लांबून ओळखायची,
गर्दीत आपलं पोर ओळखावं तसा.

मी खाली फरशीवर बसले आणि वाचत गेले.

एका सप्टेंबरात: सकाळी तीन लिटर. संध्याकाळी रेघ.
दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीन.
त्या रेघेत आजोबा गेले.
भोगावतीच्या काठावरून सगळे परतले
तेव्हा ती चरवी घासत होती म्हणे.
"म्हशीला काय सुतक असतंय व्हय?"

मग एक पान, लिटर उतरत गेलेलं.
तीन, दोन, दीड, पाऊण.
मोरीचं रेडकू मेलं ते हे दिवस.
मोरी दूध चोरायला लागली.
ज्या लुगड्यात रेडकू गुंडाळून नेलं
तेच लुगडं आजीनं दहा दिवस धुतलं नाही.
पदर मोरीच्या नाकाशी धरायची
आणि गप उभी राहायची.
अकराव्या दिवशी वहीत अडीच.

पुराच्या ऑगस्टात आठ दिवस पान कोरं.
म्हैस शाळेच्या वरच्या मजल्यावर, सातवी ब मध्ये,
फळ्याखाली बांधलेली.
जिन्यावरून तिला वर कसं नेलं, कुणी धड सांगत नाही.
संस्था पाण्यात, माप पाण्यात.
आजी धार काढायची आणि वाटायची,
चौगल्यांना, मुल्लांना, कांबळ्यांना,
आणि बांधावरून दहा वर्षं जिच्याशी बोलली नव्हती
त्या जावेलाही, तोंड फिरवून.
ते दूध कुठल्याच वहीत नाही.
मी प्यायले आहे.

आणि हे पान. इथं मी थांबले.
जून. फॅट सहा पॉइंट नऊ, सात, सात,
मग एकदम पाच पॉइंट दोन.
सलग नऊ दिवस.
शेजारी सचिवाच्या लाल शाईत: 'समज दिली.'
त्याच महिन्यात कोल्हापुरात
माझी नर्सिंगची फी भरली होती.

मोरी आजारी असेल.
वैरण बदलली असेल.
मी बराच वेळ असं काय काय म्हणत राहिले.

पुढं ऑक्टोबरात, नऊच दिवस, फॅट आठच्या वर.
मोरीनं आठ कधी दिलं नव्हतं,
ना आधी, ना नंतर.
त्या दिवाळीला घरात साय नव्हती, तूप नव्हतं,
करंज्या डालड्यातल्या होत्या
आणि मी रुसून बसले होते,
एवढं मला पक्कं आठवतं.

तिच्या डोक्यावर मधोमध केस नव्हते.
उसाच्या वाड्याचे भारे वाहून
चुंबळीएवढा गोल घासून गेला होता.
कायम पदर.
शेवटच्या आजारात तेल लावताना पहिल्यांदा पाहिलं.
म्हणाली, "बघू नगंस, लाव."

काल संस्थेत गेले.
नवा सचिव, नवा कॉम्प्युटर.
"मयत ना? नाव कमी करू?"
रांगेत किटल्या वाजत होत्या,
कुणीतरी मागून म्हणालं, आनुबाईची नात.
मी वही काउंटरवर ठेवली
आणि तिनं विचारलं असतं तेच विचारलं:

"आदी दिवाळीचा फरक किती निगतोय, त्ये सांगा."