डावखुरी मूठ

कायतानने टेबलावर तीन पिस्तुलं मांडली,
खाली बायकोचा जुना टॉवेल.
खिडकीखाली म्हापशाचा शुक्रवार,
चोरिसांच्या घमघमाटात
बंदुकीच्या तेलाचा वास हरवलेला.

पहिलं नवंकोरं. किंमत ऐकून
शर्वाणीने बोटं मागे घेतली,
तापल्या तव्यावरून घ्यावी तशी.
दुसऱ्याचा चाप बॅटरीवर चालतो.
तिसरं अठ्ठावीस हजार:
मुठीला तडा, काळा मुलामा उडालेला,
हवा भरायचा दांडा ओढला
की म्हाताऱ्यासारखं कण्हतं.

मी त्याची नळी उजेडाकडे धरली.
उजेड आतून सरळ निघून गेला,
कुठे अडला नाही.
चाप दाबला हळू, हळू,
आणि तो सुटला काडी मोडावी तसा.

बावीस वर्षं मी डिचोलीत
बार्जच्या इंजिनांचे भाग कातले.
मग खाणी थांबल्या, बार्ज चिखलात बसले,
लेथवर बायको पापड वाळत घालू लागली.
एवढ्या वर्षांत शिकलो ते इतकंच:
जे आपल्या हातून होत नाही
त्याचेच पैसे मोजावेत.
नळी माझ्याच्याने होत नाही.
मूठ होते.

आणि तशीही तिन्ही उजव्या हाताची.
त्या महागड्याची अक्रोडाची मूठ
या पोरीला चुलीत घालायच्या कामाची.

"पंचवीस," मी म्हटलं.
"पात्रांव, हे मी स्वतः वापरलंय."
"म्हणूनच पंचवीस," शर्वाणी म्हणाली.
कायतान हसला. वर छर्र्यांचा एक डबा दिला.

घरी आत नवे वॉशर बसवले.
कण्हणं निम्म्यावर आलं,
उरलेलं राहू दिलं.

कुंभाराकडून ओल्या मातीचा गोळा आणला.
म्हटलं, धर.
तिने डोळे मिटून धरला.
मातीत उमटली चार बोटं, अंगठ्यापाशी खळगा,
आणि तो तळवा,
जो तिने लहानपणी प्रसादाला पुढे केला
तेव्हा भर देवळात मी ओरडलो होतो:
दुसरा! दुसरा हात!
तिला आठवत नसावं.
मी विचारलं नाही.

लाकूड भंगारात काढलेल्या बार्जचं,
सुकाणूघरातली सागवानी फळी.
शाळा सुटली की ती यायची, धरायची.
"इथे टोचतंय."
मी कानस फिरवायचो.
"आता?"
"आता तिथे."
असे अकरा दिवस.
बाराव्या दिवशी काहीच बोलली नाही,
नुसतीच धरून उभी राहिली,
दूध उतू जाईपर्यंत.

तोल पुढे सरकवायला
पितळेची दोन वजनं हवी होती,
करंगळीच्या पेराएवढी.
मी पापड उचलले.
लेथ आधी खोकला, मग फिरला.
बायको दारात आली,
पीठ लागलेले हात तसेच,
काही न बोलता आत गेली.

सहकारी गोदामात दहा मीटर मोजले,
भिंतीला कागद लावला.
पहिला छर्रा कुठे लागला मी पाहिलं नाही.
मी तिचं मनगट बघत होतो.

रात्री सगळे निजल्यावर
पिस्तूल पेटीतून काढून उजव्या हातात घेतलं.
बसेना. कसंही फिरवा, बसेना.
इतकी वर्षं काय काय केलं या हाताने,
त्याला धरता न येणारं हे पहिलंच.

मग डाव्यात घेतलं.
तिचा खळगा
माझ्या अंगठ्याला थोडा लहान पडला.