दुय्यम

अण्णांच्या पत्र्याच्या डब्यात, कार्बाइडच्या झिजलेल्या टिपांसोबत
हा काळा दगड तीस वर्षं पडून होता.
राजस्थानच्या खाणीतून कुणी आणलेला:
"केदू, तू रोज धार लावतोस ना, तो धातू यातला."
सातपूरच्या शेडमध्ये, ठिणग्यांच्या पाळीत
कोण बघणार
दगडाच्या भेगेत पिवळं काही धरलंय,
हळदीचं बोट पुसावं तसं.

मी ते सुईनं खरवडलं.
कॉलेजच्या तळघरात, वीज टिकली अशा एका दुपारी
क्ष-किरणांसमोर ठेवलं.
भुकटीच ती. भुकटीला कसला आकार?
पण कागदावर शिखरं चढत गेली,
एक उंच, दोन बुटकी,
पुढे नुसती थरथर.

टंगस्टाइट.
पुस्तकात याला दुय्यम खनिज म्हणतात.
मूळचं झिजलं, फटीतून पाणी शिरलं,
ते बाहेर आलंच नाही.

हा शब्द मला पुस्तकाआधी माहीत होता.
अण्णा बिजवर.
भिंतीवर फोटो झुंबराबाईचा, हारही तिलाच.
त्या फोटोखाली बसून ठकूबाई, माझी आई, तांदूळ निवडायची.
सवतीच्या श्राद्धाला पान वाढून
भिंतीला विचारायची,
"बघा बरं ताई, मीठ झालंय का?"

आतली रचना अशी:
मधे टंगस्टनचा अणू, भोवती सहा टोकं.
चार टोकं शेजाऱ्यांत वाटलेली,
त्यांची होते चादर, दूरवर अंथरलेली.
पाचव्यावर ऑक्सिजन, जवळ ओढून घेतलेला.
सहाव्यावर पाणी.
जरा लांब, जरा सैल,
उंबऱ्यावर टेकल्यासारखं.
वाटणीत त्याचं नाव नाही.
आणि एक चादर दुसरीला धरते
ती याच्याच हातानं.
दुबळा बंध, असं मी दरवर्षी शिकवते.

तापवलं की पाणी निघून जातं.
रंग पिवळाच राहतो, बाहेरून कुणाला कळत नाही.
आत चादरी खचतात,
टोकाला टोक भिडतं,
सगळं घट्ट, कडक,
आणि नाव बदललेलं.
आई गेल्यावर त्र्यंबक रोडच्या वकिलाकडे
आम्ही भावंडं बसलो होतो,
दोघं तिकडचे, मी इकडची.
गुडघ्याला गुडघा लागत होता. खोली लहान होती.

संध्याकाळी सिडकोतल्या घरी
अण्णांनी विचारलं, "काय निघालं दगडात?"
"पाणी."
ते हसले नाहीत.
अंगठ्याचं बोथट नख टिपेवरून फिरवत म्हणाले,
"पाणी पहिल्यापासून चालू पाहिजे.
तापलेल्या टिपेवर मागाहून सोडलं
की तडकते ती.
मी सोडलंय. माहितीय मला."

मग काचेची नळी
त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली
आणि बराच वेळ
खाली ठेवली नाही.