अतारांकित

ग्रंथालयाचा टेम्पो सकाळी नऊला आला
आणि एक जुनी लोकसभा माझ्या ओट्यावर उतरवून गेला.
एक्केचाळीस खंड. कणे उखडलेले,
त्यामुळे साल बाहेरून सांगता येत नाही.
महालातल्या या गल्लीत तीस वर्षं मी बांधणी करतो:
रोकडवह्या, पंचांगं, एका वकिलाची अख्खी हयात.
संसद पहिल्यांदाच.
क्लार्क म्हणाला, धकातेभाऊ, मार्चच्या आत द्या बाप्पा,
नाहीतर निधी वापस जाते.

वाळवीनं सदस्यांच्या यादीत बोगदा पाडलाय,
'अ'पासून थेट 'भ'पर्यंत.
पक्ष पाहिला नाही तिनं, मतदारसंघ पाहिला नाही,
राखीव, सर्वसाधारण, एकाच चवीनं.
काही नावांपुढं बारीक फुल्या,
तळाशी खुलासा: राजीनामा. निधन. निवडणूक रद्द.
एकानं तर शपथच घेतली नाही.
सुई तशीच हातात राहिली.
कुठं गेला असेल गडी?

बांधणाऱ्यानं वाचायचं नसतं. वाचलं की हात चुकतो.
तरी तेराव्या खंडाच्या सूचीत दिसलंच:
निखारे, डोमाजी गंगाराम.
इतरांच्या नावांमागं आकड्यांची मुंग्यांसारखी रांग,
याच्यापुढं एकटा २०७.

डोमाजी आमच्या पाचपावलीचा.
बाबा सांगायचे, त्याला पोचवायला अख्खी कोष्टीपुरा स्टेशनवर गेली,
जीटी थांबल्या थांबल्या कुणीतरी अंगात नवा कोट घातला,
बाह्या एवढ्या लांब की नमस्कार करताना
बोटं सापडेनात.
महिन्यानं कार्ड आलं: थंडी फार.
अजून बोलायला मिळालं नाही.

पान २०७.
नागपूरच्या हातमागांना चाळीस नंबरचं सूत
काय भावानं मिळतं,
आणि किती महिन्यांपासून मिळत नाही?
उत्तर:
माहिती गोळा करण्यात येत असून
ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.
खाली लगेच दुसऱ्या कुणाचा प्रश्न,
सिमेंटच्या वॅगनींचा.

मी खळ शिजायला ठेवली. मैदा, चिमूटभर मोरचूद.
वास तोच,
आई अंगणात ताण्याला खळ द्यायची तेव्हाचा.
मग चौदावा खंड उघडला, पंधरावा, विसावा.
पटलावर काय काय ठेवलंय: अहवाल, अधिसूचना,
कुठल्याशा मंडळाचा ताळेबंद, विलंबाच्या कारणांसह.
गदारोळ, कंसात.
हशा, कंसात.
सूत नाही.
अडतिसाव्यात सभा दुपारनंतर रिकामी, गणसंख्या नाही म्हणून घंटा.
एक्केचाळिसावा मध्येच संपतो.
सकाळी आदेश निघाला आणि दुपारी सगळे माजी.
गणपती विसर्जनाला माणसं निदान
पुढच्या वर्षी लवकर या, म्हणतात.

डोमाजी परत आला तो सरळ मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला.
लोक विचारत, काय झालं सुताचं?
तो धोटा फेकत म्हणायचा, गोळा करून राहिले.
हे पाचपावलीत म्हणीसारखं झालं.
उधारी मागा, लग्नाचं विचारा, नळाचं विचारा,
गोळा करून राहिले.
मी लहानपणी हसायचो. उगम आज कळला,
वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, खळीच्या हातानं.

आमचा माग बाबांनी जळतणाच्या भावानं विकला.
फणी तेवढी ठेवली.
ती आता कागद दाबायला होते.

२०७ कडेनं फाटलं होतं. जपानी कागदाची पट्टी लावली,
फर्मा शिवला, दोरा कोइमतूरचा, नंबर विचारला नाही.
रात्री सगळे खंड शिकंज्यात.
दोन्ही बाजू एकमेकींवर, घट्ट.

शेवटी एक कोरं पान लावायचा नियम आहे.
एक्केचाळिसाव्याला मी दोन लावली.
बिलात एकच दाखवलं.