उलट्या चंद्रकोरी

ऐरण घ्यायला गेलं की किंमत आधी विचारू नये.
तिच्यावर काय काय ठेवलंय ते आधी बघावं.
इथे जिरेनियमच्या दोन कुंड्या होत्या
आणि मांजराची बशी.

मार्च संपत आलेला. रॅडनरशायरचे डोंगर.
डडलीहून व्हॅन घेऊन निघालो, तीन वळणं चुकलो,
मेंढ्यांच्या एका कळपामागे पाऊण तास रांगलो.
फोनवर बाई एवढंच म्हणाल्या होत्या:
"लोखंड आहे. जड आहे. नवरा नालबंद होता.
तीनशे पौंड. अजून काय सांगू?"

ग्वेनलियन प्रॉबर्ट. ऐंशीच्या अलीकडे की पलीकडे, कळेना.
त्यांनी कुंड्या उचलल्या. बशी मी उचलली.
मग ओल्या फरशीवर गुडघे टेकून
खिशातली पिठाची पुडी सोडली,
तिच्या कुशीवर पीठ चोळलं, हळूच फुंकर घातली.
गंजातून आकडे वर आले:
एक. दोन. अकरा.

"तारीख?"
"वजन," मी म्हणालो. "जुना हिशोब आहे.
पहिला आकडा एकशे बारांचा, दुसरा अठ्ठाविसांचा,
तिसरे सुटे पौंड. झाले एकशे एकोणऐंशी."
"म्हणजे लग्नातल्या इव्हॉरपेक्षा अकराने जास्त,"
बाई म्हणाल्या. "तो बरोब्बर बारा स्टोन होता."

मग हातोडीने टिचकी मारली.
बद्द.
ओल्या लाकडासारखी बद्द.
पोटात कुठेतरी तडा असणार. मी पीठ पुसायला घेतलं.

"कमरेची साखळी काढा की आधी!
शेजारचं बाळ झोपेना म्हणून बांधली होती.
ते बाळ आता बस चालवतं."

साखळी सोडली. पुन्हा टिचकी.
आवाज अंगणभर झाला, गोठ्याच्या पत्र्यावर चढला,
मांजर कुंपणापलीकडे गेलं
आणि बाईंनी भिंतीला हात टेकला.
मी बघितलं नाही असं दाखवलं.

पुढचं काम बोटांचं असतं.
नाक, टाच, खिळ्यांचं गोल भोक, अवजाराचं चौकोनी.
कडा कुठे झिजल्या, पाठ कुठे खोल गेली.
घाव चुकला की हातोड्याची कड उमटते,
नखाएवढी चंद्रकोर.
इथे त्या शेकड्यांनी होत्या,
बहुतेक एका बाजूला कललेल्या,
आणि त्यांच्यावर, नंतरच्या, कमी खोल,
वीसपंचवीस उलट्या.

मला माझी हुशारी दाखवायची खोड आहे.
"इथे कुणीतरी डावखुरा होता," मी म्हणालो.
"मदतनीस? मुलगा?"

बाईंनी चहा ओतला. कपाचा कान
डाव्या हातात होता.

"अठ्ठावन्नच्या थंडीत एका घोड्याने त्याचा खांदा फोडला.
दोन वर्षं.
नाल तर पडणारच, घोडे काय थांबतात?
रात्री मी ठोकायचे, सकाळी तो बसवायला जायचा,
एका हाताने, पोराला पाय धरायला लावून.
वहीत नाव त्याचं. पैसे त्याच्या हातात.
माझे घाव चुकायचे सुरुवातीला," त्या म्हणाल्या,
"नंतर नाही चुकले.
ते कुठे दिसणार तुम्हाला."

खरंच. नीट बसलेला घाव
ऐरणीवर काही ठेवून जात नाही.
तेवीस ऐरणी गोळा केल्या मी,
आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाकीट काढलं. तीनशे मोजले.
"साडेतीनशे," बाई म्हणाल्या.
"ठरलं होतं ना..."
"ते एका माणसाच्या ऐरणीचे ठरले होते."

दिले. व्हॅनमध्ये चढवताना कंबर धरली ती अजून सुटलेली नाही.
माझ्या वहीत 'आधीचा मालक' असा रकाना आहे.
त्यात दोन नावं मावेनात;
दुसरं समासात लिहिलं, आडवं.

शेडमध्ये बाकी सगळ्यांची नाकं डावीकडे.
हिचं उजवीकडे ठेवलंय.
येताजाता अडखळतो.