महिरपी कंस

डंडीत नोव्हेंबरात पावणेचारला अंधारतं.
खिडकीतून टे नदीवरचा रेल्वेचा पूल
अर्धाच दिसतो.
उरलेला आहे, असं धरून चालायचं.

भाषेची नवी आवृत्ती आली आहे.
पंचावन्नाव्या वर्षी मी पुन्हा मुळाक्षरं घोटतेय.
पहिलाच नियम : महिरपी कंस नकोत.
वीस वर्षं प्रत्येक विधानाला
चढवली, उतरवली ती महिरप,
आता म्हणे नुसता समास सोडा,
दोन जागा किंवा चार, पण एकदा ठरलं की ठरलं.
कोऱ्या जागेलाच अर्थ आहे.

'कंसवध झाला,' मी इशबेलला म्हटलं.
ती सव्वीसची, आरब्रोथहून रोज बसने येते,
तिला मामाची गोष्ट सांगावी लागली :
तुरुंग, सात बाळं, मग आठवं.
'आठवं म्हणजे इंडेक्स सात,' ती म्हणाली
आणि किटली लावायला गेली.

हात ऐकत नाही.
करंगळी अजून उजव्या कोपऱ्याकडे जाते,
बिऱ्हाड हललं तरी जुन्या दारात जाऊन बसणाऱ्या
मांजरासारखी.
कंस उघडते, मिटते.
कंपायलर काही बोलत नाही, चालवून घेतो.
जुनंही चालतं अजून, पुढच्या आवृत्तीपर्यंत.
मला भीती ह्या सवलतीचीच.

खरी अडचण लॉकलनच्या फायलींत.
लॉकलन मॅकरेने सगळं अध्याहृत ठेवलं होतं.
इम्प्लिसिट : एकदा वर कुठेतरी मांडून ठेवायचं,
मग खाली लागेल तिथे ते आपोआप हजर,
कुणी आणलं ते न सांगता.
'जेवलीस का'मधल्या 'तू'सारखं.

माणूसही तसाच होता.
दर शुक्रवारी माझ्या टेबलावर एक संत्रं असायचं,
अकरा वर्षं.
ऑफिस देत असेल, असं मी धरलं होतं.
तो गेला त्यानंतरच्या शुक्रवारी
टेबल रिकामं दिसलं
तेव्हा त्या वाक्याचा कर्ता कळला.

नवी आवृत्ती म्हणते, उघड लिहा.
देणाऱ्याने लिहायचं : गिव्हन.
घेणाऱ्याने लिहायचं : युझिंग.
गिव्हनपाशी मी थबकले. हा तर ओळखीचा.
खामगावात नववीच्या भूमितीला
बिवलकर बाई फळ्यावर आधी एकच शब्द लिहायच्या :
पक्ष.
मग साध्य. मग सिद्धता.
पक्ष गाळून थेट सिद्धतेला हात घातला
तर बरोबर उत्तरालाही शून्य.
'आधी सांग तुला काय मिळालंय,' त्या म्हणायच्या,
'मग सांग तू काय केलंस.'

चौदाशे ओळी.
एकेक महिरप उतरवत गेले, समास सोडत गेले.
फाइल हडकुळी दिसायला लागली,
केस कापून आलेल्या मुलासारखी, नुसते कान.
मध्येच कंपायलर अडला :
इथे एक मूल्य हवं आहे, ते सापडत नाही.
शोधत शोधत सहाव्या फायलीत पोचले.
तिथे एकटी ओळ, वर त्याची टीप :
'हे काढू नका. का ते विसरलो.'
इशबेल इतकी हसली की चहा सांडला.
मीही हसले, जरा उशिरा.

काढलं नाही.
गिव्हन लिहिलं.
नाव द्यायची सक्ती नाही,
नियमांत तसं स्पष्ट म्हटलंय.
तरी दिलं, देवनागरीत : संत्रं.
कंपायलरने अनुस्वारांसकट मुकाट गिळलं.

एक चाचणी अजून लाल आहे. ती उद्या.
पुलाच्या न दिसणाऱ्या बाजूने
साडेपाचची गाडी आली.